लॅपटॉप नवाकोरा, मग डिस्क बर्न व्हायला तासभर का?

आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन थाटात पार पडलं. व्हिडिओ तयार आहे आणि उद्या सकाळी पाहुणे परतीची गाडी पकडणार आहेत. आत्या आणि मोठे काका यांच्याकडे टीव्हीखाली अजूनही डीव्हीडी प्लेअर आहे. त्यांना लिंक नको, हातात डिस्क हवी. दहा डिस्क करायच्या आहेत. तुम्ही नवा लॅपटॉप उघडता, बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर लावता आणि पहिलीच डिस्क ५० मिनिटं खाते. या हिशेबानं दहा डिस्कना आठ तासांहून जास्त लागणार. म्हणजे रात्र गेलीच!

"एवढे पैसे मोजून नवीन मशीन घेतलं आणि हे काय?" असं म्हणून दुकानदाराला फोन लावण्याआधी जरा थांबा. डिस्क किती वेळात भरेल, हे बहुतेक वेळा लॅपटॉपचा प्रोसेसर ठरवतच नाही. पंगतीचं उदाहरण घ्या. आत आचारी कितीही भराभर पोळ्या करत असला, तरी बाहेर वाढपी एकच असेल तर पंगत त्याच्याच वेगानं जेवणार. आपल्याला शोधायचा आहे तो हा अडलेला वाढपी.

आधी घड्याळ लावा

किती वेळ लागला म्हणजे 'स्लो' म्हणायचं, हे आधी ठरवू. डीव्हीडीसाठी १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८ एमबी. लॅपटॉपला जोडायचे पातळ रायटर साधारण ८ एक्सचे असतात, म्हणजे सेकंदाला ११ एमबी. या हिशेबानं ४.७ जीबीची पूर्ण डिस्क सात मिनिटांत व्हायला हवी. प्रत्यक्षात नऊ-दहा मिनिटं लागतात, कारण डिस्क आतून बाहेर भरत जाते. आतल्या बाजूला वेग कमी असतो आणि पूर्ण वेग बाहेरच्या कडेला मिळतो. त्यामुळे सुरुवातीला पट्टी हळू सरकली तर घाबरू नका.

सीडीचं माप वेगळं आहे. तिथे १ एक्स म्हणजे सेकंदाला फक्त १५० केबी. २४ एक्सच्या रायटरवर ७०० एमबीची सीडी चार-पाच मिनिटांत होते.

तेव्हा पूर्ण डीव्हीडी दहा मिनिटांत होत असेल, तर सगळं ठीक आहे. वीस मिनिटांच्या पुढे गेली तर काहीतरी अडतंय. तासाच्या आसपास पोहोचली तर नक्कीच बिघडलंय.

नेमकं कुठे अडतंय?

बऱ्याचदा आपण ज्याला बर्निंग म्हणतो, त्यातला मोठा वेळ बर्निंगचा नसतोच. मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यात काढलेला व्हिडिओ जुन्या डीव्हीडी प्लेअरवर चालावा म्हणून सॉफ्टवेअर तो आधी वेगळ्या प्रकारात बदलतं. दोन तासांच्या कार्यक्रमाला हे काम बराच वेळ घेऊ शकतं. नव्या प्रोसेसरचा फायदा होतो तो इथे. या वेळात रायटर शांत असतो, डिस्क फिरण्याचा आवाजही येत नाही.

म्हणून कामाचे दोन भाग करा. सॉफ्टवेअरमध्ये थेट 'बर्न' न निवडता आधी 'आयएसओ इमेज' बनवून ती लॅपटॉपवर सेव्ह करा. मग त्या इमेजवरून डिस्क करा. विंडोजमध्ये इमेज फाइलवर राइट क्लिक केलं की डिस्कवर बर्न करण्याचा पर्याय मिळतो.

इमेज बनायलाच वेळ लागला, तर अडचण फाइल्समध्ये किंवा लॅपटॉपवर चाललेल्या इतर कामांत आहे. इमेज पटकन बनली पण डिस्क रेंगाळली, तर वायर, रायटर किंवा डिस्क यांच्याकडे बघा. शिवाय इमेज एकदाच करावी लागते. पुढच्या नऊ डिस्क तिच्यावरूनच निघतात.

फाइल्स खरंच लॅपटॉपवर आहेत का?

नव्या लॅपटॉपवर सहज फसवणारी जागा हीच. विंडोज सुरू करताना मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डर्स वनड्राइव्हमध्ये जाऊ शकतात. मग फोटो फोल्डरमध्ये दिसतात, पण असतात इंटरनेटवर. फाइलजवळ छोटा ढग दिसला तर समजा की ती फाइल आधी डाउनलोड होणार आणि नंतरच डिस्कवर जाणार. घरातलं वायफाय मंद असेल, तर डिस्कही त्याच चालीनं चालणार.

उपाय सोपा आहे. सी ड्राइव्हवर वनड्राइव्हच्या बाहेर एक नवं फोल्डर करा. हवं ते सगळं त्यात कॉपी करा आणि तिथूनच इमेज बनवा. पेन ड्राइव्ह किंवा मोबाइलवरून थेट बर्न करत असाल, तरी हेच करा.

पहिल्या काही दिवसांत नवा लॅपटॉप स्वतःच्याच कामात गुंतलेला असतो. विंडोजचे अपडेट, अँटीव्हायरसची तपासणी, फोटोंचं सिंक हे सगळं मागे चालू असतं. चार्जर लावून तासभर त्याला ते उरकू द्या, रीस्टार्ट करा आणि मग बर्निंगला बसा.

वायर, पोर्ट आणि हब

"पोर्ट जुना असेल," अशी शंका अनेकांना येते. पण यूएसबी २.० पोर्टसुद्धा प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास देतो आणि ८ एक्सला लागतात ११. म्हणजे तेवढा वेग पुरेसा आहे. खरा प्रश्न असतो विजेचा आणि वाटणीचा.

पातळ रायटरला वेगळा प्लग नसतो. डिस्क फिरवायची आणि लेझर चालवायचा, दोन्हीसाठी वीज यूएसबीतूनच येते. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो आणि यूएसबी ३.० पोर्ट ९००. लिहिताना काही रायटरना याहून जास्त लागते. म्हणूनच काहींच्या वायरीला दोन यूएसबी टोकं असतात. अशी वायर असेल तर दोन्ही टोकं लावा.

आजकालच्या सडपातळ लॅपटॉपना पोर्ट कमी, म्हणून आपण एकच हब लावतो आणि त्यात माउस, पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, रायटर सगळं खुपसतो. मग एवढीशी वीज सगळ्यांत वाटली जाते. रायटर थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावून पाहा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागचा वापरा.

वायर खराब असेल तर आणखी एक गंमत होते. जोडणी यूएसबीच्या अगदी जुन्या वेगावर घसरते आणि सेकंदाला जेमतेम १ एमबी जातो. पूर्ण डिस्कला तासाहून जास्त वेळ लागत असेल, तर आधी वायर बदलून पाहा.

रायटरचा आवाजही ऐका. डिस्क जोरात फिरते, मंदावते, पुन्हा जोर धरते, असं सारखं होत असेल तर डेटा तुटक पोहोचतोय. पूर्वी अशा वेळी डिस्क वायाच जायची. आता रायटर थांबतो, डेटाची वाट बघतो आणि पुढे लिहितो. डिस्क वाचते, वेळ मात्र जातो.

डिस्क कोणती आहे?

डिस्कवर १६ एक्स छापलेलं आहे म्हणून तुमचा ८ एक्सचा रायटर १६ नं लिहिणार नाही. दोघांपैकी जो हळू, त्याचाच वेग मिळतो. पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क त्याहून हळू असतात, त्या वाटायला घेऊ नका.

प्रत्येक कोऱ्या डिस्कवर बनवणाऱ्याचा एक सांकेतिक कोड असतो. रायटर तो वाचून ठरवतो की या डिस्कवर किती वेगानं लिहायचं. कोड ओळखीचा नसेल तर तो सावधपणे कमी वेग धरतो. म्हणून स्वस्तातल्या, नाव नसलेल्या डिस्क रखडल्या, तर चांगल्या कंपनीच्या दोन-चार सुट्या डिस्क आणून पाहा. रायटरच्या कंपनीनं फर्मवेअर अपडेट दिलं असेल, तर तेही करा.

विंडोज विचारतं तेव्हा

कोरी डिस्क घातली की विंडोज विचारतं, डिस्क पेन ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? पहिला पर्याय निवडला तर डिस्क आधी फॉरमॅट होते आणि फाइल्स एकेक करून जातात. हजारभर छोटे फोटो असतील तर फार वेळ लागतो आणि अनेक प्लेअरवर ती डिस्क चालतही नाही. दुसऱ्याला द्यायची असेल तर दुसराच पर्याय घ्या.

वेगाच्या नादात आठवण गमावू नका

बर्न करताना वेग निवडायची सोय असते. तिथे सगळ्यात वरचा आकडा दाबायचा मोह होतो, पण मधला वेग बरा. १६ एक्सच्या डिस्कवर ८ एक्स चांगला चालतो. अगदी १ एक्सवर लिहिलं की डिस्क पक्की होते, हाही गैरसमजच. आजच्या डिस्क त्या वेगासाठी बनवलेल्या नसतात.

आणि शेवटी 'व्हेरिफाय'वर खूण कराच. त्यात लिहिलेलं सगळं पुन्हा वाचून तपासलं जातं. आणखी आठ-दहा मिनिटं जातात, पण आत्यानं घरी जाऊन डिस्क लावली आणि पडदा काळाच राहिला, तर ती कुणाला सांगणार? पहिली डिस्क तयार झाली की एखाद्या खऱ्या डीव्हीडी प्लेअरवर लावून बघा, मगच बाकीच्या करा. मूळ व्हिडिओ लॅपटॉपवर आणि एखाद्या हार्ड डिस्कवर जपून ठेवा. डिस्कवर ओरखडा पडू शकतो, म्हणून एकुलती एक प्रत तिच्यावर ठेवू नका.

आता पुन्हा हिशेब करा. इमेज तयार आहे, रायटर थेट पोर्टला लावलाय, डिस्क चांगल्या आहेत. लिहायला दहा मिनिटं, तपासायला दहा. दहा डिस्कना साडेतीन तासांच्या आत. संध्याकाळी सातला बसलात तर साडेदहाला मोकळे. पाहुण्यांसोबत जेवताना मध्येमध्ये उठून डिस्क तेवढी बदला आणि प्रत्येकीवर मार्करनं आजोबांचं नाव अन् तारीख लिहा. सकाळी गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत लाडवांच्या डब्याशेजारी एक डिस्क असेल, चालणारी!