सातच्या बातम्यांचा आवाज

सात जून आला की दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारे प्रदीप भिडे आठवतात. २०२२ साली त्याच दिवशी ते गेले. यंदा ही आठवण जास्तच बोचली. आमच्या पवनारात ज्या घरी जावं तिथे टीव्हीवर चार जण एकमेकांवर ओरडत होते.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण आमच्याकडच्या खेड्यांना ते लगेच कुठे दिसायला! मधली बरीच वर्षं दिल्लीच्या हिंदी बातम्यांवर गेली. त्यांतलं फारसं काही लक्षात नाही.

आमचं दशक नव्वदचं. संध्याकाळी सातला मराठी बातम्या लागत. भिडे दिसले की ओसरीवरचं बोलणं आपोआप थांबायचं. आवाज भारदस्त, पण दरारा नाही. आकडा आला की किंचित थांबत, म्हणून तो एकदा ऐकूनच कळे. सगळा कापूस सरकारच घेई, त्या एकाधिकार खरेदीच्या दिवसांत कापसाच्या भावावर घराचं वर्ष ठरायचं; कळणं फार मोठी गोष्ट होती. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्या दिवसांत सातच्या बातम्यांत मृतांचे आकडे ऐकले. वाचणाऱ्याने गळा काढला नाही, म्हणून आमचा हुंदका आमचाच राहिला.

दूरदर्शन सरकारचं होतं आणि सरकार शब्द कसे वापरतं, हे विनोबांच्या पवनारला कुणी सांगायला नको. आणीबाणीत विनोबांचं मौन चालू होतं, तेव्हा त्यांनी लिहिलेलं ‘अनुशासनपर्व’ सरकारने प्रचाराला जुंपलं. मौन सुटल्यावर त्यांनी आपला अर्थ वेगळा सांगितला, पण तोवर त्या शब्दाने भिंती रंगल्या होत्या. बातम्यांत काय सांगायचं ते वरून ठरे, हा आक्षेप खराच. पण त्यावरून भिड्यांना ‘नुसते वाचणारे’ म्हणणाऱ्यांशी मी तेव्हाही भांडलो, आजही भांडेन. चार दशकांहून अधिक काळ रोज दुसऱ्याचा मजकूर वाचायचा आणि त्यात स्वतःचा राग-लोभ मिसळू द्यायचा नाही, हे करून पाहावं कुणी.

२००७ पासून चोवीस तासांच्या मराठी वाहिन्या आल्या. सरकारला प्रश्न विचारले जातील, या आशेने मी खुश होतो. प्रश्न आले, उत्तर ऐकून घेणारं कुणी आलं नाही.

आता कापसाचा भाव पडद्याच्या तळाशी पट्टीत पळतो, वर भांडण चालू असतं. डोळे अधू झाले, ती पट्टी वाचता येत नाही. तो आकडा कुणीतरी थांबून, एकदा नीट म्हणावा, एवढंच माझं मागणं आहे.