चित्र चांगलं यायलाच हवं असं नाही

“मला साधा आंबा काढता येत नाही, मी कसली आर्ट थेरपी घेणार?” हे वाक्य हमखास ऐकू येतं. शाळेत चित्रकलेच्या वहीवर लाल शेरा मिळालेली माणसं पन्नाशीतही रंगाला हात लावायला बिचकतात. खरं तर इथे चित्राला गुण नसतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना कागद, माती, मार्कर देऊन ४५ मिनिटं हवं ते करू दिलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते उतरलं, आणि हात सराईत की नवखा याने फरक पडला नाही. अभ्यास छोटा होता, तुलनेला दुसरा गट नव्हता. पण “मला येत नाही” ही भीती सोडायला तेवढा आधार पुरे.

आर्ट थेरपी हे हल्लीचं खूळ आहे, असंही म्हणतात. पण तसं नाही. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल १९३८ मध्ये क्षयरोगाने सॅनटोरियममध्ये पडून होते. पडल्या पडल्या ते समोर दिसेल ते रेखाटू लागले, मग शेजारच्या रुग्णांनाही त्यांनी कागद-पेन्सिल धरायला लावली. ‘आर्ट थेरपी’ हा शब्द त्यांनी १९४२ मध्ये वापरला.

सर्वांत घातक गैरसमज मात्र वेगळा: थेरपिस्ट चित्र बघून मनातलं ओळखतो. या धास्तीने कितीतरी जण दारातूनच परत फिरतात, म्हणून यावर जरा थांबते. समजा, एका बाईंनी अख्खा कागद काळ्या खडूने भरला. इतका दाबून की बोटं मेणचट झाली, खालच्या कागदावर वळ उमटले. एक कोपरा तेवढा कोरा. बघणारा लगेच म्हणेल, डिप्रेशन. जाणकार थेरपिस्ट निदान करत नाही, विचारते, “या कोपऱ्याबद्दल काही सांगाल?” उत्तर येईल, “तिथे आई बसायची.” किंवा येईल, “खडू संपला.” दोन्ही ऐकून घ्यायचं. चित्राचा अर्थ ते चित्र काढणाऱ्याचाच असतो. जे तोंडाने बोलवत नाही ते आधी कागदावर ठेवायचं आणि मग, जमेल तेव्हा, दोघांनी मिळून त्याकडे बघायचं.

म्हणूनच रोजची रांगोळी किंवा रंगवायची पुस्तकं म्हणजे थेरपी नव्हे. त्यांनी मन निवतं, ते जरूर करावं. पण थेरपीत समोर प्रशिक्षित माणूस असतो, ठरलेला वेळ असतो, आणि दुखरी गोष्ट वर आली तर सावरणारं कुणीतरी असतं.

आणि चित्रं काढली की गोळ्या बंद, हे तर मुळीच नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत स्किझोफ्रेनिया असलेले ४१७ जण होते. नेहमीच्या उपचारांना गटातल्या आर्ट थेरपीची जोड देऊनही जास्तीचा फायदा दिसला नाही. मला या पद्धतीबद्दल आस्था आहे, म्हणूनच हे लपवू नये असं वाटतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका.

जायचं ठरवलंत तर पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारा: शिक्षण कुठलं, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, आणि माझी चित्रं कुणाकडे राहणार?