दात राखला, पण किती वर्षं?

रूट कॅनल होऊन कॅप बसली की दाताचं प्रकरण मिटलं, असं बहुतेक जण धरून चालतात. मग काही वर्षांनी त्याच दाताच्या हिरडीवर बारीक पुळी येते, दाबली की पू निघतो. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसतो. मुळात उरलेल्या जंतूंमुळे तिथलं हाड झिजलेलं असतं. ‘काढून टाका एकदाचा’ हा सल्ला घरीदारी मिळतो तो याच वेळी.

बंगळुरूतल्या येलहंक्याहून विमानतळाकडे जाताना हुणसमारनहळ्ळीला कृष्णदेवराय दंतमहाविद्यालय लागतं. अशा महाविद्यालयांत रूट कॅनलचा स्वतंत्र विभाग असतो आणि दात उपटण्याआधी आणखी दोन उपाय आहेत, हे तिथे शिकवलं जातं. पहिला, रूट कॅनल नव्याने करणं. कॅप आणि आतल्या खुंटीमुळे वरून मुळात शिरता येत नसेल, किंवा नव्याने करूनही डाग भरत नसेल, तर दुसरा: मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया, म्हणजे ॲपिकोएक्टमी.

ही शस्त्रक्रिया फक्त जागेवर भूल देऊन होते. हिरडी अलगद उचलून हाडात चार-पाच मिलिमीटरची खिडकी पाडतात, सडलेला भाग खरवडून काढतात आणि मुळाचं शेवटचं ३ मिलिमीटर टोक कापतात. मुख्य नळीला फुटलेले बारीक फाटे बहुतांशी तिथेच असतात आणि जंतू त्यांत दडून बसतात. कापलेल्या तोंडावर निळा रंग लावून मायक्रोस्कोपखाली पाहिलं की सुटलेली नळी किंवा केसाएवढी चीर उठून दिसते. मग अल्ट्रासॉनिक टोकाने मुळात आणखी ३ मिलिमीटर आत कोरून तिथे एमटीए भरतात. हे सिमेंटच्या जातीचं द्रव्य कालवल्यावर ओल्या वाळूसारखं होतं आणि ओलाव्यातच घट्ट बसतं. अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी १९९०च्या दशकात ते पुढे आणलं.

त्याआधी मूळ तिरकं कापून साध्या ड्रिलने कोरत आणि चांदी-पाऱ्याचं मिश्रण भरत. या दोन पद्धतींत किती फरक पडला, हे २०१० साली फ्रँक सेट्झर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं: जुन्या पद्धतीचं यश ५९ टक्के, मायक्रोस्कोपच्या पद्धतीचं ९४ टक्के.

रुग्णाला मात्र पुढच्या दहा वर्षांची काळजी असते. स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे थॉमस फॉन आर्क्स यांनी शस्त्रक्रिया झालेले दात वर्षानुवर्षं तपासले. त्यांच्या २०१२च्या अहवालात पाच वर्षांनी सुमारे ७६ टक्के दात बरे होते. पहिल्या वर्षीच्या आकड्यापेक्षा हे प्रमाण आठ टक्क्यांनी कमी. त्यांतले एमटीए भरलेले दात वेगळे काढले, तर ८६ टक्के. पुढे एमटीए भरलेल्या ११९ दातांचा दहा वर्षांचा हिशेब आला, तो ८१.५ टक्क्यांचा. म्हणजे दहातले आठ दात तोंडात, दुखणं नाही, हाड भरलेलं. ज्या दातावर फुली मारली जाणार होती, त्याच्यासाठी ही मोठीच कमाई आहे.

उरलेले दोन का जातात? मूळ उभं चिरलं तर कुठलंही द्रव्य ते सांधू शकत नाही. कॅपखालून गळती सुरू झाली की जंतू वरून पुन्हा उतरतात. हिरड्यांच्या आजाराने भोवतीचं हाड खचलेलं असेल, तर टोक दुरुस्त करून भागत नाही. म्हणूनच दाताची निवड आधी नीट व्हावी लागते. खालच्या दाढांशी ओठाला संवेदना देणारी नस असते, वरच्या दाढांशी सायनसची पोकळी. तिथे त्रिमितीय स्कॅन काढून अंतर मोजणं शहाणपणाचं.

शस्त्रक्रियेनंतर सूज काही दिवसांत ओसरते आणि माणूस दात विसरतो. हाड भरायला मात्र महिने लागतात, कधी वर्षाहून अधिक, आणि पहिल्या वर्षी बरा दिसलेला दात पुढे बिघडू शकतो. म्हणून वर्षाने एक्स-रे काढावा आणि पुढेही अधूनमधून काढत राहावं. येलहंक्यात हवाई दलाचा तळ आहे, रेल्वेचा चाककारखाना आहे. बदलीच्या आणि फिरतीच्या नोकऱ्यांत डॉक्टर बदलतोच. अशांनी शस्त्रक्रियेच्या आधीचा आणि लगेच नंतरचा एक्स-रे, शिवाय मुळात काय भरलं याची नोंद मागून घ्यावी. नव्या गावच्या डॉक्टरला डाग भरतोय की वाढतोय, हे जुन्या फोटोशी ताडूनच सांगता येतं.