घाटेअळीचें पचन आणि हरभऱ्याचा बचाव

महसूल खात्यांत असतां पैसेवारीच्या कागदांत हरभऱ्याच्या नुकसानीचें कारण "घाटेअळी" एवढें लिहिलें कीं माझें काम संपत असे. निवृत्तीनंतर घरच्या शेतांत निम्मीच रास हातीं आली, तेव्हां तो एक शब्द केवढा महाग आहे हें कळलें. ही अळी खाल्लेलें पचविते कसें, हें जाणणें म्हणूनच अगत्याचें आहे.

दाण्यांतील प्रथिन अळीच्या अंगीं लागावयाचें तर प्रथम त्याचे तुकडे व्हावे लागतात. हें काम तिच्या आंतड्यांतील पाचक द्रव्यें करितात. त्यांत ट्रिप्सिनासारखीं मुख्य होत. अडकित्त्यानें सुपारी फोडावी तसें हें काम आहे. परंतु वनस्पतीहि स्वस्थ बसत नाहींत. कडधान्यांच्या दाण्यांत एक रोधक प्रथिन असतें. पात्यांत खडा अडकावा तसें तें पाचक द्रव्यांत रुतून बसतें व पचन अडवितें. मग खाऊनहि अळीची वाढ खुंटते. सोयाबीनमधील असें रोधक कुनिट्झ यांनीं १९४५ सालीं स्फटिकरूपांत वेगळें केलें. बटाट्यावरील भुंगेऱ्यानें टोमॅटोचीं पानें कुरतडलीं असतां झाडांत हें द्रव्य झपाट्यानें सांचतें, असें १९७२ सालीं ग्रीन व रायन यांनीं दाखविलें.

मग हरभरा कां वांचत नाहीं? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील संशोधकांनीं १९९८ सालीं याचें उत्तर प्रसिद्ध केलें. घाटेअळीचा अडकित्ता हरभऱ्याचा खडाच फोडून टाकतो! जें पीक तिचें नित्याचें खाद्य, त्याचा बचाव तिला पचनीं पडला आहे. उलट भुईमूग, बटाटा व चौधारी घेवडा हीं तिचीं नेहमींचीं खाद्यें नव्हत. त्यांचीं रोधकें अधिक प्रभावी असल्याचें १९९९ सालीं दिसून आलें. मात्र एकाच रोधकानें भागत नाहीं, तीं आळीपाळीनें योजावीं लागतात, असाहि निष्कर्ष निघाला.

हे प्रयोगशाळेंतील शोध होत. दाणे वाटून पिकावर फवारण्याची ही कृति नव्हे. परंतु यांतील बोध शेतावर लागू आहे. जी अळी पिकाचा बचाव पचविते, तिच्यावर दरसाल एकच औषध मारून चालणार नाहीं. शेतकरी बंधूंनीं फुलोऱ्यापासून कामगंध सापळे लावावे, पक्ष्यांना बसावयास पिकांत काठ्या रोवाव्या, अळी लहान असतांनाच पांच टक्के निंबोळी अर्क फवारावा, आणि मोठ्या अळ्या हातानें वेंचाव्या. उपाय अनेक असले म्हणजे अळीला एकाचीच संवय होत नाहीं, आणि रास पदरीं पडते.