एका बाटलीत हजारो माणसे

रक्त गोठण्याच्या क्रियेत भाग घेणाऱ्या घटकांना क्रमांक दिलेले आहेत. त्यांतला आठवा घटक ज्याच्या शरीरात जन्मतःच अपुरा असतो, त्याला 'हिमोफिलिया ए' हा आजार असतो. असे रुग्ण बहुधा मुलगेच. बाहेरच्या जखमेपेक्षा आतला रक्तस्राव त्यांना अधिक छळतो. गुडघ्यात, कोपरात, घोट्यात रक्त साचते, सांधा सुजतो आणि वारंवार असे झाले की तो कायमचा आखडतो. या मुलांसाठी शोधलेल्या औषधानेच त्यांच्या एका पिढीचा बळी घेतला. हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे.

१९६०च्या दशकापर्यंत उपाय एकच होता : रक्त किंवा प्लाझ्मा चढवणे. प्लाझ्मा म्हणजे रक्तपेशी वेगळ्या केल्यावर उरणारा पिवळसर द्रव. त्यात आठवा घटक इतका थोडा असतो की पुरेशी मात्रा देण्याआधीच शरीरात द्रवाचा भार होई. १९६४-६५च्या सुमारास अमेरिकेतील ज्युडिथ पूल या संशोधिकेला एक साधी गोष्ट दिसली. गोठवलेला प्लाझ्मा सावकाश वितळवला की तळाशी साका राहतो आणि आठवा घटक त्यातच एकवटलेला असतो. हेच 'क्रायोप्रेसिपिटेट'. रक्तपेढीत तयार होणारे, स्वस्त, आणि एका पिशवीमागे एकच दाता.

पुढची पायरी कारखान्याची होती. हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून त्यातून आठव्या घटकाची भुकटी काढली जाऊ लागली. बाटली घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची, पाण्यात विरघळवायची आणि आईने किंवा मुलाने स्वतःच टोचून घ्यायची. रुग्णालयाच्या खेपा संपल्या. शाळा, सहल, प्रवास शक्य झाला. रुग्णांनी या औषधाचे स्वागत केले त्यात नवल नाही.

पण येथे थोडे गणित करू. समजा, दर हजार दात्यांत एकाच्या रक्तात विषाणू आहे. एका दात्याची पिशवी घेणाऱ्याला धोका हजारात एक. दहा पिशव्या घेतल्या तर शंभरात एक. मात्र दहा हजार दात्यांचा प्लाझ्मा एका पिंपात ओतला, की ते पिंप दूषित होणार हे जवळजवळ निश्चित. आणि त्यातून निघालेली प्रत्येक बाटली संशयित.

हा धोका अज्ञात नव्हता. १९४२ मध्ये मानवी रक्तद्रव वापरून बनवलेल्या पीतज्वराच्या लशीमुळे अमेरिकी सैन्यात सुमारे ५०,००० जवानांना कावीळ झाली होती. १९४३ मध्ये पॉल बीसन यांनी रक्त किंवा प्लाझ्मा घेतल्यानंतर काही महिन्यांनी कावीळ झालेल्या सात रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. १९७० मध्ये ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रिचर्ड टिटमस यांनी मांडले, की पैशासाठी रक्त विकणाऱ्याला आपला आजार लपवण्याचे कारण असते. म्हणून विकत घेतलेले रक्त दान केलेल्या रक्तापेक्षा अधिक धोक्याचे.

तरीही १९७३ पासून ब्रिटनने अमेरिकी भुकटी आयात करायला सुरुवात केली. तिच्यासाठी पैसे देऊन प्लाझ्मा घेतला जाई, काही तुरुंगांतील कैद्यांकडूनही. देशाने या बाबतीत स्वयंपूर्ण व्हावे म्हणून आरोग्य राज्यमंत्री डेव्हिड ओवेन यांनी १९७५ मध्ये निधी जाहीर केला. स्वयंपूर्णता मात्र आली नाही. जुलै १९८२ मध्ये अमेरिकेत तीन हिमोफिलिया रुग्णांत एड्ससारखा आजार आढळल्याचे प्रसिद्ध झाले. मे १९८३ मध्ये साथरोगतज्ज्ञ स्पेन्स गालब्रेथ यांनी ब्रिटिश आरोग्य खात्याला लिहिले, की १९७८ नंतरच्या अमेरिकी रक्तापासून बनलेली ही औषधे मागे घ्यावीत. खात्याला ही सूचना अकाली वाटली.

हँपशायरमधील ट्रेलोर या शाळेच्या आवारातच हिमोफिलिया केंद्र होते. १९७० ते १९८७ या काळात तेथे शिकलेल्या हिमोफिलियाग्रस्त १२२ मुलांपैकी आज सुमारे ३० जण हयात आहेत. न्यायमूर्ती ब्रायन लँगस्टाफ यांच्या चौकशीचा अहवाल २० मे २०२४ रोजी आला. रक्त आणि रक्तघटकांमुळे ब्रिटनमध्ये ३०,०००हून अधिक लोकांना एचआयव्ही किंवा यकृतदाहाचे विषाणू जडले आणि सुमारे ३,००० जण दगावले. हा अपघात नव्हता, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. विषाणू नष्ट करण्यासाठी उष्णतेची प्रक्रिया १९८०च्या दशकाच्या मध्यास रूढ झाली. 'हिपॅटायटिस सी'चा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. परंतु विषाणूला नाव मिळेपर्यंत थांबण्याची गरज नव्हती. पिंप लहान ठेवणे, दाता नीट निवडणे आणि शक्य तेथे क्रायोप्रेसिपिटेटकडे परतणे, हे उपाय आधीपासून हाताशी होते.

आपल्याकडे प्रश्न वेगळ्या रूपात होता. रक्तपेढ्यांचा मोठा आधार धंदेवाईक दाते होते. उपाशीपोटी, थोड्या रुपयांसाठी पुन्हा पुन्हा रक्त विकणारे. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये निर्णय दिला : दोन वर्षांत ही विक्री बंद करावी, विनापरवाना रक्तपेढ्या चालू देऊ नयेत. आज प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, मलेरिया आणि उपदंश या पाच रोगांसाठी चाचणी होते.

चाचणीलाही मर्यादा आहे. संसर्ग झाल्यावर काही दिवस तो तपासणीत दिसत नाही. त्या काळात पिशवीची राखण करते ती दात्याने अर्जावर दिलेली खरी उत्तरे. जयंत्या, वाढदिवस, गणेशोत्सव यांनिमित्त महाराष्ट्रात होणारी रक्तदान शिबिरे ही आपली मोठी कमाई आहे. पण शिबिरात भेटवस्तूचे आमिष शिरते, किंवा नातेवाइकाला 'आधी बदली दाता आणा' असे सांगितले जाते, तेव्हा खोटे उत्तर देण्याचे कारण पुन्हा निर्माण होते. अर्ज भरणाऱ्याला निःसंकोच 'आज माझे रक्त घेऊ नका' असे म्हणता आले पाहिजे. थॅलेसेमियाच्या ज्या मुलाला दर दोन-तीन आठवड्यांनी कोणा अनोळखी माणसाचे रक्त घ्यावे लागते, त्याचे आयुष्य त्या एका वाक्यावर अवलंबून असते.