क्योतोची जुनी नावे : सामान्यनाम की विशेषनाम?

जपानच्या एकाच राजधानीस जुन्या ग्रंथांतून हेइआन-क्यो, मियाको, राकुयो, क्योतो अशी निरनिराळी नावे आढळतात. ही केवळ पर्यायनामे होत असे मानल्यास जुन्या लेखांचा अर्थ लावताना चूक होण्याचा संभव असतो. कारण या नावांचा व्याकरणदृष्ट्या दर्जा सारखा नाही.

सम्राट काम्मू याने इ. स. ७९४ मध्ये नागाओका-क्यो सोडून नवी राजधानी वसविली व तिला 'हेइआन-क्यो' म्हणजे 'शांतता व स्वास्थ्य यांची राजधानी' असे नाव दिले. हे बुद्धिपुरस्सर ठेविलेले विशेषनाम होय. 'मियाको' हा शब्द त्याहून जुना व मूळचा जपानी आहे. 'मि' हा आदरार्थी उपसर्ग, 'या' म्हणजे घर आणि 'को' म्हणजे स्थान. राजगृहाचे स्थान ते मियाको. म्हणूनच राजधानी नारा येथे असताना तिलाही मियाको म्हणत. पुढे राजपीठ दीर्घकाळ क्योतो येथेच राहिल्यामुळे या सामान्यनामास विशेषनामाची कळा आली. इ. स. १५४९ मध्ये कागोशिमाहून गोव्यातील सहकाऱ्यांस लिहिलेल्या पत्रात फ्रान्सिस झेवियरने 'मेआको' नगरीचा उल्लेख केला आहे, तो याच शब्दाचा.

'राकुयो'चा प्रवास नेमका उलट आहे. चीनमधील लोयांग या राजधानीचे हे नाव हेइआन-क्योच्या पूर्वार्धास, तर चांगआनचे नाव 'चोआन' या उच्चाराने पश्चिमार्धास लाविले गेले. पश्चिमेकडील सखल, दलदलीचा भाग ओस पडत गेला आणि राकुयो हे नाव सर्व नगरास लागू झाले. त्यातील 'राकु' या पूर्वपदापासून 'राकुचू' (नगराच्या आत), 'राकुगाइ' (नगराबाहेर), 'जोराकु' (राजधानीस जाणे) हे शब्द सिद्ध झाले. येथे परक्या नगरीचे विशेषनाम 'राजधानी' या अर्थाचे शब्दबीज बनले आहे.

'क्योतो' या नावातील दोन्ही चिन्हांचा अर्थ राजधानी असाच आहे. १८६८ मध्ये एदोस 'तोक्यो' म्हणजे 'पूर्वेकडील राजधानी' हे नाव मिळाले, तेव्हा क्योतोस काही काळ 'साइक्यो' म्हणजे 'पश्चिमेकडील राजधानी' असेही म्हणत. १८६९ मध्ये सम्राटाचा निवास तोक्योस हलला. क्योतोचे राजधानीपद गेले, नाव मात्र राहिले.

तात्पर्य, जुन्या लेखात 'मियाको' हा शब्द आढळताच त्याचा अर्थ क्योतो असा करणे युक्त नव्हे. प्रथम लेखाचा काळ पाहावा, मग नगरी ठरवावी.