पितळेचें पातेलें आणि कल्हईचा थर

मराठी स्वयंपाकघरांत ‘कळकणें’ असा एक शब्द आहे. पितळेच्या भांड्यांत ताक किंवा चिंचेचें सार राहून गेलें, कीं त्याला एक उग्र, तुरट आणि किळसवाणी चव येते. तें कळकलें असें घरांतील वडील स्त्रिया म्हणत, आणि मग तें कोणी पानांत घेत नसे. नासणें, आंबणें, विटणें, करपणें या सर्वांहून हा दोष निराळा, म्हणूनच त्याला स्वतंत्र शब्द मिळाला. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांत वाढलेल्या पिढीला तो ठाऊक नसला, तर त्यांत नवल नाहीं. परंतु गेल्या कांहीं वर्षांत तांब्या-पितळेचीं भांडीं शहरांतील घरांत पुन्हां दिसूं लागलीं आहेत. कोणी आजीच्या वेळचीं माळ्यावरून खालीं काढतात, कोणी नवीं विकत आणतात. भांडें परत आलें. तें कसें वापरावें याची माहिती मात्र मागेंच राहिली आहे.

पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचें मिश्रण; त्यांत तांब्याचा वांटा सामान्यतः निम्म्याहून अधिक असतो. साध्या पाण्याचा तांब्यावर फारसा परिणाम होत नाहीं. परंतु आंबट पदार्थांतील आम्ल व हवेंतील प्राणवायु हीं दोन्ही एकत्र आलीं, म्हणजे तांबें विरघळूं लागतें. पदार्थ जितका आंबट, जितका ऊन आणि जितका अधिक वेळ भांड्यांत राहिलेला, तितकें तांबें त्यांत अधिक उतरतें. भांड्याच्या कांठाशीं जें हिरवें किटण धरतें, ज्याला जंगाल म्हणतात, तेंहि याच व्यापाराचें फळ होय. तांबें शरीराला लागतें खरें, पण अत्यल्प. त्याची मात्रा वाढली, कीं मळमळ, ओकारी व पोटदुखी हे विकार तत्काळ उद्भवतात.

यावर जुन्या काळानें काढलेला उपाय म्हणजे कल्हई. कल्हई हा रंग नव्हे किंवा नुसती चकाकीहि नव्हे. ती अन्न व तांबें यांच्यामध्यें घातलेली कथलाची पातळ भिंत आहे. कल्हईवाला प्रथम भांडें घांसून स्वच्छ करतो, भात्यानें फुलविलेल्या कोळशांवर तें चांगलें तापवितो आणि त्यांत नवसागराची भुकटी टाकतो. त्या वेळीं जो पांढरा धूर उठतो, तो मुलांना मोठा मौजेचा वाटतो. पण खरें काम तेथेंच होतें. तापलेल्या नवसागरांतून निघणारें आम्ल धातूवरील गंजाचा सूक्ष्म पापुद्रा काढून टाकतें आणि उघड्या पडलेल्या धातूवर कथील घट्ट बसतें. मग कथलाची कांडी टेकवावयाची, वितळलेलें कथील कापसाच्या बोळ्यानें झरझर सर्वत्र फिरवावयाचें, आणि भांडें पाण्यांत बुडवावयाचें. पांच-दहा मिनिटांचा हा खेळ. पण हात बसलेला नसेल, तर थर एकीकडे जाड आणि एकीकडे विरळ होतो.

कल्हई करून घेतांना चकाकीपेक्षां कथील शुद्ध आहे कीं नाहीं, इकडे अधिक लक्ष द्यावें. कथील महाग व शिसें स्वस्त, म्हणून त्यांत शिसें मिसळण्याचा मोह होतो. आणि शिसें हें तांब्याहून कितीतरी घातक विष आहे, विशेषतः मुलांना. त्याची एक ढोबळ परीक्षा घरांतहि करतां येते. शुद्ध कथलाची कांडी वांकविली असतां बारीक करकर असा आवाज येतो. शिसें मुकाट्यानें वांकतें, आणि कागदावर ओढलें तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटवितें. कांडीची रेघ ठळक उठली, तर त्या कल्हईवाल्याला नम्रपणें निरोप द्यावा. ही परीक्षा अर्थात् पूर्ण भरंवशाची नाहीं; थोडी भेसळ तिच्यांतून निसटून जाऊं शकते. म्हणून खात्रीचा कारागीर मिळाल्यास चार पैसे अधिक देण्यांत कसूर करूं नये.

या सर्व सावधगिरीला केवळ चवीची बाब समजणाऱ्यांनीं पुढील हकीकत अवश्य लक्षांत घ्यावी. हिंदुस्थानांत लहान मुलांना होणारा यकृताचा एक भयंकर रोग होता. सहा महिन्यांपासून चार-पांच वर्षांपर्यंतच्या मुलांचें पोट फुगे, यकृत कठीण होई आणि बहुतेक मुलें दगावत. कित्येक घरांत एकामागून एक अशीं दोन-दोन मुलें गेलीं. त्यामुळें हा दोष रक्तांतूनच येतो, अशी समजूत होती. या मुलांच्या यकृतांत तांब्याचा विलक्षण सांठा आढळे. १९८३ मध्यें पुण्यांतील बालरोगतज्ज्ञ व ब्रिटनमधील संशोधक यांनीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. अंगावरचें दूध लवकर सुटून पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यांत तापविलेलें व ठेवलेलें वरचें दूध मिळणें, हें या रोगाचें संभाव्य कारण म्हणून त्यांनीं पुढें मांडलें. दूध आंबट नसतें, मग तें तांबें कसें घेतें, असा प्रश्न येथें सहज उभा राहतो. त्याचें उत्तर असें कीं, दुधांतील प्रथिनें तांब्याला धरून ठेवतात; आणि कल्हई उडालेल्या भांड्यांत तेंच दूध तासन् तास राहिलें, पुन्हां पुन्हां तापलें, म्हणजे तांब्याचा भार वाढत जातो. तान्ह्या मुलाला तें बाहेर टाकण्याची शक्ति पुरेशी आलेली नसते. आनुवंशिक दुर्बलतेचा भाग त्यांत किती, याविषयीं मतभेद राहिले. परंतु घरोघरच्या दुधाचें पातेलें बदललें, आणि मागोमाग हा रोगहि फार विरळ झाला. कळकलेलें ताक मोठ्या माणसाच्या जिभेला कळतें. पाळण्यांतील मूल तक्रार करूं शकत नाहीं. म्हणून लहान मुलाचें दूध पितळेंत किंवा तांब्यांत, कल्हई असो वा नसो, ठेवूंच नये; स्टीलचें भांडें त्याला सर्वांत उत्तम. तांब्याच्या पात्रांत दूध-दही ठेवणें जुना आचारहि निषिद्ध मानी, हें येथें सांगण्यासारखें आहे.

आतां रोजच्या वापराविषयीं. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतें. भांड्यांत पाणी किंवा वरण असेपर्यंत त्याचा तळ इतका तापत नाहीं. परंतु रिकामें पातेलें मोठ्या आंचेवर ठेवून गृहिणी दाराशीं बोलत उभी राहिली, तर परत येईपर्यंत कल्हईचे मणी तळाशीं जमलेले दिसतात. खमंग फोडणीचें तेलहि या मर्यादेच्या जवळ पोंचतें. म्हणून फोडणी लोखंडी पळींत करून वरून घालण्याची जुनी रीत नुसती लकब नव्हे. ढवळण्यास लांकडी डाव घ्यावा. तारेच्या घांसणीनें कल्हईचें भांडें कधींहि घांसूं नये. मऊ घांसणी, नाहीं तर नारळाची शेंडी पुरते, आणि करपलें असेल तर पाणी घालून रात्रभर भिजत ठेवावें. आंतून तांबूस-पिवळा धातु डोकावूं लागला, कीं पुन्हां कल्हई करण्याची वेळ आली. ती वर्षांतून एकदां येते कीं तीनदां, हें वापरावर अवलंबून आहे. तिथि ठरवून चालत नाहीं.

कल्हई चांगली असली तरी आंबट पदार्थ त्यांत शिजवून लगेच काढून घ्यावा, मुरत ठेवूं नये. याचें उदाहरण म्हणून आमसुलाचें सार घेतां येईल. आठ-दहा आमसुलें दोन वाट्या कोमट पाण्यांत अर्धा तास भिजवावींत; हें भिजवणें कांचेच्या किंवा चिनी मातीच्या वाडग्यांतच करावें, कारण सर्वांत अधिक वेळ आंबट पाणी येथें थांबतें. मग आमसुलें कुस्करून पाणी गाळावें, त्यांत आणखी दोन वाट्या पाणी, लिंबाएवढा गूळ, चवीपुरतें मीठ व एक चिरलेली हिरवी मिरची घालावी. लोखंडी पळींत चमचाभर तुपांत जिरें तडतडवून फोडणी द्यावी, एक हलकी उकळी आणून उतरावें आणि वरून कोथिंबीर घालावी. फार उकळल्यास साराचा रंग व स्वाद दोन्ही जातात. कल्हईच्या पातेल्यांत एवढी एक उकळी खपून जाते. उरलेलें सार मात्र त्याच पातेल्यांत संध्याकाळपर्यंत झांकून ठेवणें बरें नव्हे. कढी व टोमॅटोचें सार यांनाहि हाच नियम लागू आहे. ॲल्युमिनियमचीं, म्हणजे पुष्कळ घरांत ज्यांना ‘जर्मनचीं’ म्हणतात तीं भांडीं, आंबटाच्या बाबतींत पितळेचींच भावंडें आहेत. त्यांना तर कल्हईचेंहि संरक्षण नसतें.

तांब्याच्या कळशींत रात्रभर पाणी ठेवून सकाळीं पिण्याचा प्रघात हल्लीं वाढला आहे. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें २ मिलिग्रॅमपर्यंत तांबें जागतिक आरोग्य संघटनेनें निर्धोक मानलें आहे, आणि स्वच्छ भांड्यांतील साधें पाणी सहसा त्या मर्यादेंत राहतें. पण त्याच तांब्यांत लिंबाचें सरबत करणें किंवा प्रवासांत ताक भरून नेणें हा निव्वळ अविचार होय. कळशी चिंच व मीठ यांनीं घांसली, तर लखलखीत होते. ती लखलखते याचें कारणच मुळीं आंबटानें तांब्याचा वरचा थर विरघळविला हें आहे, म्हणून नंतर दोन-तीन पाण्यांनीं निर्मळ धुवून कोरडी पुसावी. देवपूजेचें पंचामृतहि चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटींत कालवावें. ताम्हनांत पडलेलें दही-मधाचें तीर्थ पूजा आटोपतांच काढून घ्यावें, आणि तें दुपारपर्यंत तसेंच राहून गेलें असेल, तर मुलांच्या हातावर न घालतां तुळशीशिवाय दुसऱ्या एखाद्या झाडाच्या बुंध्याशीं ओतून टाकावें.